साडूचं नेटवर्क

"हवेतल्या लहरी साऱ्या मानवजातीच्या आहेत!" परिषदेत असं गरजून मोबाइल कंपनीचे इंजिनिअरसाहेब खाली बसले, आणि मानवजातीतून साडूला वगळायला हवं होतं हे त्यांना टाळ्या थांबायच्या आतच जाणवलं.

साडू प्रतिस्पर्धी कंपनीत इंजिनिअर. दोन्ही कंपन्यांचं स्पेक्ट्रम, म्हणजे फोनच्या लहरींचा पट्टा, सामाईक. एकाचा चॅनेल रिकामा दिसला की यंत्र तो आपोआप दुसऱ्याला देई. साहेबांचे चॅनेल बहुतेक रिकामेच, त्यामुळे साडूचं नेटवर्क सुसाट. "भाऊजींचा फोन कसा पटकन लागतो!" असं बायको जेवताना म्हणे आणि साहेबांचा घास घशात अडके.

शेवटी साहेबांनी आपल्या सगळ्या चॅनेलवर चाचणीचे खोटे सिग्नल सोडले. आता साडूला रिकामं काही मिळेना. साहेब शीळ घालत घरी आले.

"अहो, तुमच्या कंपनीचा एकही फोन लागत नाहीये," बायको दारातच म्हणाली. "सगळं शहर बोंबलतंय!"

खोट्या सिग्नलच्या गर्दीत खऱ्या गिऱ्हाइकांनाच जागा उरली नव्हती. ते सिग्नल घरबसल्या बंद करता आले असते, पण त्यालाही नेटवर्क लागतं. आत सोफ्यावर मेव्हणीसोबत आलेला साडू स्वतःच्या कंपनीच्या चॅनेलवर, मोबाइलवर सिनेमा बघत होता.

साहेबांनी घसा खाकरला.

"साडूभाऊ, जरा हॉटस्पॉट देता का?"