दार बंद आहे का?

मित्रांनो, मी एक जुनं, जेमतेम तीन ओळींचं फंक्शन आहे. फंक्शन म्हणजे यंत्राला द्यायच्या सूचनांचा छोटासा जुडगा, आणि त्या जुडग्याला एक नाव. माझा मुक्काम एका लिफ्टच्या डोक्यात. माझं नाव 'दार बंद आहे का'. विचारलं की खरं उत्तर द्यायचं, एवढाच माझा धंदा.

मला ताईंनी लिहिलं, या लिफ्टच्या सगळ्या सूचना त्यांच्याच हातच्या. लिफ्टच्या छोट्या संगणकाला शब्द कळत नाहीत. त्याच्याकडे नुसती शून्यं आणि एक. त्यांच्या रांगेत एक खूण दाराची. ती एक असेल तर दार बंद. ती खूण रांगेतून वेचून काढायची गिचमिड ताईंनी माझ्या पोटात ठेवली आणि बाहेर फक्त नाव राहू दिलं. लिफ्ट वर न्यायची असो की खाली, आधी मला विचारायचं. "वाचणाऱ्याचं लक्ष दाराकडे हवं, आकड्यांकडे नको," असं ताई म्हणायच्या. मला फार बरं वाटायचं.

माझी सगळीच भावंडं गुणी होती असं मात्र नाही हं. एकाचं नाव 'दिवा लाव', आणि ते गुपचूप घंटाही वाजवायचं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. नावावर विसंबणारा त्याच्यापायी फसायचा. ताईंनीच त्याला घरी बसवलं, आणि बरं केलं.

पुढे ताई दुसऱ्या कामावर गेल्या. त्यांच्या खुर्चीत चष्मेवाला दादा आला. माणूस हुशार, पण घाईचा. मला बघून म्हणाला, "एका खुणेसाठी एवढा द्राविडी प्राणायाम? उगाच वेळ खातंय." त्याने मला काढून टाकलं आणि जिथे जिथे माझं नाव होतं, तिथे तिथे ती गिचमिडच लिहिली. मी जुन्या प्रतींच्या अडगळीत जाऊन पडलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग लिफ्टला नवं दार बसलं. त्याची खूण नेमकी उलटी, म्हणजे आता शून्य असेल तर दार बंद. मी असतो तर माझ्यात एवढासा बदल करून काम भागलं असतं. दादाला एकेक जागा हुडकावी लागली. 'वर जा' मधली एक राहून गेली. त्या आकड्यांच्या गर्दीत ती त्याला दिसलीच नाही.

पुढचं मी नंतर ऐकलं. चाचणीला दादाचा धाकटा भाऊ आला होता. तो लिफ्टचा मेकॅनिक. त्याने हत्यारांची पिशवी लिफ्टमध्ये ठेवली आणि आत जायला पाय उचलला. तेवढ्यात वरच्या मजल्यावर कोणीतरी बटण दाबलं. दार उघडं, तरी लिफ्ट निघाली. त्याने पाय मागे घेतला म्हणून निभावलं. पिशवी एकटीच वर गेली.

दादाने वीज तोडली. दोघे भाऊ जिन्याच्या पायरीवर बसून राहिले.

"दादा, पाणी आहे का रे?"

दादाने बाटली दिली.

मग त्याने ताईंना फोन लावला. "ताई, तुमचं ते छोटं फंक्शन परत आणतोय."

"आण की. पण ते वेळ खातं ना?"

"आज मोजून पाहिलं. काही फरक पडत नाही."

असा मी घरी परतलो, नव्या दाराची उलटी खूण पोटात घेऊन. धाकटा संगणकाच्या पडद्यात डोकावला. "यातलं मला ओ की ठो कळत नाही," तो म्हणाला, "पण ही ओळ कळली. दार बंद आहे का? नसेल तर थांब."



रिकामी लिफ्ट तपासून झाली. धाकटा उठला. "चल, राहतो उभा दारात."

"तू बस," दादा म्हणाला. "या वेळी मी जातो."

मित्रांनो, लहानसं काम कोणावर सोपवाल तर त्याला खरं नाव द्या, आणि लहान आहे म्हणून त्याला हाकलू नका. एवढंच मागणं आहे.

दादाने पाय उचलला. वर कोणीतरी बटण दाबलं. मला प्रश्न आला, दार बंद आहे का? मी म्हटलं, नाही.

लिफ्ट जागची हलली नाही.