मनगटातली नाडी

ऑपरेशन थिएटरबाहेर माझा दीर समोरच्याच बाकावर बसला होता आणि मला त्याचं तोंडही बघायचं नव्हतं. आमचा काचा बसवायचा धंदा. अंगात काच घुसली की आधी उपटायची, मग फडकं बांधायचं, ही दुकानातली रीतच. आज ह्यांच्या दंडात, कोपराच्या जरा वर, तुकडा घुसला आणि ह्या शहाण्याने तो सवयीने ओढून काढला. रक्ताची चिळकांडी समोरच्या आरशावर!

"वहिनी, मला काय ठाऊक आत धमनी तुटलीय?"

"तू गप्प बस. एक शब्द बोलू नकोस."

सर्जन बाई आधीच सांगून गेल्या होत्या. तुटलेली टोकं आखडलीत, पायातली शीर काढून मधे जोडायची. मनगटात नाडी आली तर ठीक, नाही तर हात कापावा लागेल. किती सहज बोलल्या! उजवा हात तो. त्याच हाताने हे काच कापतात, जेवतात, रोज मला चहा करून देतात. आणि पायाची शीर हाताला चालेल कशी?

येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सला मी दरवेळी अडवत होते. "चाललंय," एवढंच म्हणायची. काय डोंबल चाललंय ते सांग की!

शेवटी बाई बाहेर आल्या. "जोडलंय. पण काच उपटायला नको होती, तिनेच रक्त अडवलं होतं."

मी दिराकडे जळजळीत पाहिलं.

"आणि इथवर दाबून कुणी आणलं?" बाईंनी विचारलं. " मूठ जरा जरी सुटली असती, तर माणूसच हाती लागला नसता."

दिराने मान खाली घातली. त्याची बोटं अजून आखडलेली होती, सरळ होत नव्हती.

मला आत नेलं. हे गुंगीत होते. बाईंनी माझी बोटं ह्यांच्या मनगटावर ठेवली. मी गच्च दाबलं. धडधड, धडधड! "लागली! नाडी लागली!" मी ओरडलेच.

"ताई, ती तुमची स्वतःची. हलकं धरा."

हलकं धरलं. काहीच नाही. मग अगदी सावकाश एक ठोका आला. मग दुसरा. माझ्या घाईशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

बोटं न उचलता मी दाराकडे वळून दिराला हाक मारली, "इकडे ये रे. हात दे तुझा. हलकं धर हं, आता दाबायचं नाही."