डावीकडचा उजेड

गीतांजलीच्या नव्या स्वयंपाकघरातले दिवे दिवाळीपासून दोनदा बदलून झाले होते, आणि तिसऱ्यांदा बदलायचं तिच्या मनात होतं.

बाकी सगळं तिनं पटापट ठरवलं होतं. ओट्याला काळा ग्रॅनाइट, वर पांढरी कपाटं, खाली ट्रॉल्या. शाळेत भूगोल शिकवणारी बाई, नकाशावर बोट ठेवावं तशी दुकानात बोट ठेवत गेली. पण कपाटांच्या खालच्या एलईडी पट्ट्यांपाशी येऊन अडली. पिवळ्या उजेडात पालक काळपट दिसायचा. पांढराफेक लावला, तर पट्टीतल्या दिव्यांचे ठिपके ग्रॅनाइटमध्ये उतरून डोळ्यांत टोचायचे. रंग कोणताही असो, तिची एक तक्रार कायम होती: डावीकडे उजेड कमी पडतो.

इलेक्ट्रिशियन देवरावनं पट्टी काढून उलट्या बाजूनं लावून पाहिली. मग तिला ओट्यापासून लांब उभं करून दोन्ही टोकं दाखवली. उजेड सारखाच होता, तिलाही तो सारखाच दिसला. देवराव गेला, आणि त्याच संध्याकाळी डाव्या हाताला ठेवलेलं दुधाचं पातेलं तिच्या कोपरानं लवंडलं.

नवरा गजेंद्र अकोल्याला नोकरीला होता, शनिवारी घरी यायचा. त्याला ती फोनवर दिव्यांबद्दलच सांगायची. पातेल्याबद्दल सांगितलं नाही. विळीनं बोट कापलं तेही सांगितलं नाही. वर्गात डावीकडच्या बाकांवरचे वर झालेले हात तिला उशिरा दिसायचे, मुली "मॅडम, मॅडम" करायच्या. ते तर तिनं स्वतःलाही नीटसं सांगितलं नव्हतं. त्याऐवजी शाळा सुटली की ती अमरावतीतल्या राजकमल चौकाकडे वळायची आणि एका दुकानातून दुसऱ्या दुकानात हिंडायची. हातावर पट्टी धरायची, विझवायला लावायची, पुन्हा पेटवायला लावायची. घरी आली की काय घ्यायचं ठरलं होतं तेच डोक्यातून गेलेलं असायचं. रात्री झोप लागायची, पण पहाटे जाग यायची आणि ती अंथरुणातच ओट्याचा डावा कोपरा आठवत पडून राहायची.

"असं कर," गजेंद्र एका शनिवारी म्हणाला, "तू अकोल्याले ये. साधनाताईनं नवं किचन केलं. तिच्या घरचे दिवे पाह्य, आवडले तर तेच लावू."

पुढच्या रविवारी दोघं अकोल्याला गेले. साधना ही गजेंद्रची थोरली बहीण, जठारपेठेत राहायची. गजेंद्र दाजींसोबत बाहेरच्या खोलीत बसला आणि साधना गीतांजलीला सरळ आत घेऊन गेली. कपाटाखाली नुसता हात फिरवला की दिवे लागत होते. दिव्यांवर दुधी झाकण होतं, त्यामुळे ठिपके नव्हते, सावली नव्हती. ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा उजळला. कोथिंबिरीला तिकडे सांबार म्हणतात, त्या सांबाराची जुडी ओट्यावर होती, तिची पानं न् पानं मोजता यावीत इतकं स्पष्ट दिसत होतं. गीतांजलीला कितीतरी दिवसांनी हायसं वाटलं. हाच उजेड, हेच हवं होतं आपल्याला. देवरावला कसं समजावून सांगायचं, याची ती मनात जुळवाजुळव करू लागली.

साधनानं चहा गाळून कप तिच्या डाव्या हाताशी ठेवला. गीतांजली सांबार निवडत काहीतरी सांगत होती. बोलताबोलता ती वळली आणि कप खाली पडून फुटला.

चहा तिच्या पायावर उडाला, पण ती हललीच नाही. दिव्यांकडे पाहत राहिली. साधनानं भाजलं का विचारलं, फडकं आणलं, काचा गोळा केल्या. मग खाली बसल्याबसल्याच वर पाहून म्हणाली, "वहिनी, तुमच्यासमोर तर ठेवला होता कप."

"मले दिसला नाही."

"इतक्या उजेडात?"

गीतांजली तिथंच स्टुलावर बसली. ती बोलली ते दिव्यांबद्दलचं नव्हतं. "माह्या आईले काचबिंदू होता, ताई. ती घरातले बल्ब बदलायले लावत होती. दर महिन्याले. बाबा चिडत होते. मंग एक दिवस ती भिंत चाचपत मोरीकडे गेली, तवा आमाले समजलं."

साधना उठून तिच्याजवळ आली. "कवापासून होऊन राहिलं हे?"

"उन्हाळ्यापासून. गजेंद्रले नका सांगू."

"त्याले तूच सांगशील," साधना म्हणाली. आजवर तिनं वहिनीला कधी अगंतुगं केलं नव्हतं. "आत्ता. चहा मी पुन्हा करतो."

गीतांजलीनं बाहेर जाऊन सांगितलं. गजेंद्रनं सगळं ऐकून घेतलं. काहून लपवलं, एवढंच त्यानं विचारलं. बोलून दाखवलं तर आईच्या नावाचा आजार आपल्या नावावर चढेल अशी भीती होती, हे तिला फार नंतर, परतीच्या बसमध्ये सुचलं.

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेत रजा कळवली आणि गजेंद्र तिला अकोल्यातल्याच एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. तिथं एक डोळा झाकून पांढऱ्या घुमटासारख्या यंत्रात तोंड घालायचं होतं. आत कुठेही बारीक ठिणगी दिसली की बटण दाबायचं. सुरुवातीला ठिणग्या आल्या, तिनं बटण दाबलं. मग काहीच येईना. यंत्राचा आवाज तर चालू होता. म्हणजे ठिणग्या येत होत्या, तिला दिसत नव्हत्या. अंगठा बटणावर ठेवून ती वाट पाहत राहिली. एकदोनदा वाटलं, उगाच दाबून टाकावं. तिनं दाबलं नाही.

काचबिंदूच निघाला. दोन्ही डोळ्यांत होता, डावीकडची बाजू जास्त गेली होती. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की गेलेली नजर परत येत नाही. पण उरलेली बरीच आहे, आणि थेंब रोज नेमानं घातले, वेळच्या वेळी तपासत राहिलं, तर ती सांभाळता येते. सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्या, असं त्या म्हणाल्या. बाहेर आल्यावर गीतांजली रडली. नजर गेली म्हणून नाही. दिवाळीपासून दुकानं पालथी घालत फिरले, त्यातला एक फेरा जरी इकडे केला असता, या चरफडीनं.

अमरावतीत परतल्यावर दिव्यांचा निर्णय उभ्याउभ्याच झाला. फार पिवळा नाही, फार पांढरा नाही असा, वर दुधी झाकण, आणि पट्टी कपाटाच्या पुढच्या कडेला. पोळपाट, विळी, गरम भांडी सगळी उजव्या हाताला आणली. देवराव काम उरकत होता आणि ती बाहेरच्या खोलीत मोर्शीला भावाला फोन करत होती. मनोज तिच्याहून धाकटा, संत्र्याच्या बागेत दिवसभर राबणारा, दवाखान्याचं नाव काढलं की विषय बदलणारा.

"मले तर सगळं साफ दिसते, ताई."

"मलेही साफच दिसत होतं."

मग तो म्हणाला, संत्र्याची तोड चालू आहे, गुरुवारी येतो.

गीतांजलीनं बरं म्हणून फोन ठेवला. पण तिला घरात बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी थेंब घालून, डोळे मिटून सांगितला तेवढा वेळ ती कशीबशी बसली, शाळेला पुन्हा रजा कळवली आणि मोर्शीची एसटी पकडून त्याला आणायला स्वतःच निघाली.