साधी गाडी

वाचवलेला पैसा म्हणजे कमावलेला पैसा, असं उठता-बसता सांगणारी माणसं बहुतेक वेळा दुसऱ्याने कमावलेला पैसा वाचवत असतात. पडदेवालीचा नवरा त्यांतलाच. एका मोठ्या गोदामात तो मालाची आवक-जावक बघायचा, आणि तिथे हमालांपासून मालकापर्यंत सगळे त्याला पाठीमागे 'वजाबाकी' म्हणायचे. कुठलीही किंमत ऐकली की त्याच्या तोंडून पहिला शब्द निघायचा, "कमी किती?" एकदा दात काढायला गेला तेव्हा डॉक्टरलाही त्याने विचारलं होतं, "दोन काढले तर कमी किती?" डॉक्टर खो खो हसला. वजाबाकी हसला नाही, कारण त्याने विनोद केलाच नव्हता.

लग्नानंतर सुरुवातीला तिलाही याचं कौतुक होतं. चार पैसे राखणारा नवरा मिळाला, उधळ्या नाही, असं ती माहेरी सांगायची. घराला हातभार म्हणून तिने पडदे शिवायला घेतले तेव्हा त्याने तिला जुनं पायमशीन आणून दिलं, तेही घासाघीस करून. काम वाढलं, तशी ती म्हणाली, "अहो, याला मोटर बसवून घेऊ या." त्यावर तो म्हणाला, "मोटरला पैसे पडतात. पाय फुकट आहेत."

तेव्हा ती हसली होती. पुढे कितीतरी वर्षं ते फुकटचे पाय मशीनची पट्टी दाबत राहिले. दवाखान्यांचे पडदे, लॉजचे पडदे, नव्या घरांचे, शाळेच्या रंगमंचाचा तो मेला जाडजूड मखमली पडदा, सगळे त्याच पट्टीवर निघाले. शेवटी डावा गुडघा असा रुसला की जिना उतरताना ती कठड्याला धरून एकेक पायरी मोजायला लागली. उपचाराला जे गेले त्यात चांगल्या दोन मोटरी आल्या असत्या. मोटर मग तिने स्वतःच बसवली, त्याला न विचारता. आता उजवा पाय नुसता टेकवला की मशीन भरधाव सुटायचं आणि डावा पाय चौरंगावर आराम करायचा.

पण पडदे नुसते शिवून भागत नाही. आधी लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायच्या, मग कापडाचे तागे आणायचे, शेवटी पडदे आणि त्यांचे पाईप घेऊन टांगायला जायचं. तिच्यापेक्षा उंच पाईप घेऊन ती बसमध्ये चढली की लोक माना वाकड्या करून बसायचे. एका कंडक्टरने तर विचारलं होतं, "बाई, याचं तिकीट फुल काढू की हाफ?" भाड्याची गाडी करावी तर एका खेपेत सगळी मजुरी त्या गाडीवाल्याच्या खिशात. म्हणून तिने ठरवलं, गाडी घ्यायची. स्वतःच्या पैशांनी आणि स्वतः चालवायला.

शिकवणीच्या पहिल्याच दिवशी तिला क्लच दाबता येईना. गुडघ्यातून अशी कळ निघाली की डोळ्यांत पाणी आलं. गाडी शिकवणाऱ्या बाई समजूतदार. त्यांनी तिला दुसऱ्या गाडीत बसवलं. "ही बघा, ही साधी गाडी. गिअर नाही, क्लच नाही. डाव्या पायाला सुट्टी." त्या दिवसापासून बिनक्लचच्या गाडीचं नाव तिच्या तोंडी 'साधी गाडी' असंच पडलं. घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, पायाची कळसुद्धा सांगितली. पुढे महिनोन्‌महिने जेवताना, भांडी घासताना, झोपताना एकच धोशा होता. "मला बाई ती साधी गाडीच पाहिजे."

शोरूममध्येही दोघं एकदा जाऊन आले. तिथे लोकांना चालवून बघायला एक पांढरी साधी गाडी ठेवलेली होती. तिच्या दोन्ही दारांवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'चालवून पाहा'. तिने ती चालवली, पुलावरून नेली, वळवून आणली आणि दोन गाड्यांच्या मधे नीट उभी केली. तिथला विक्रेता तरुण, गळ्यात सैल टाय. तो म्हणाला, "मॅडम, हात छान बसलाय तुमचा." मागच्या सीटवरून वजाबाकीने विचारलं, "लिटरला किती देते?"

तिला त्या दिवशी घरी चालत जायला सांगितलं असतं तरी ती गेली असती, इतकी ती खूश होती.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती एका दवाखान्यात पडद्यांच्या चुण्या बसवत होती. फोन वाजला. "झालं काम!" नवरा ओरडत होता. "महिनाअखेर गाठली. त्यांना आकडा पुरा करायचा असतो, तेव्हाच पिळायचं असतं. असा पिळला त्याला, असा पिळला! मॅट फुकट, सीटची कव्हरं फुकट. बुकिंगचे मी माझे भरले, बाकीचे तू पाठव. आणि गाडी तुझ्या नावावर घेतोय बरं का, बाईच्या नावावर कर कमी लागतो."

तिच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांच्या फटीतून तिने विचारलं, "शादीश ना?"

"हो गं बाई, साधीच. तू म्हणालीस तीच."

तिने त्याच संध्याकाळी पैसे पाठवले आणि त्याने दाखवलं तिथे सह्या केल्या. गाडी चालवायला म्हणून तिने सपाट तळाचे नवे बूटही घेतले.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी तिघं गेले. तिसरा म्हणजे दीर. काळा चष्मा लावून, कपड्यांना कडक इस्त्री करून भाऊजी असे निघाले होते की बघणाऱ्याला वाटावं, गाडी त्यांचीच आहे. शोरूमच्या मधोमध गाडी लाल साटिनच्या कापडाखाली झाकून ठेवली होती. कापड हलकं होतं, काठ दुमडलेला नव्हता, दोरे लोंबत होते. एरवी ती यावर काहीतरी बोलली असती. आज तिने कापड ओढलं, विक्रेत्याने टाळ्या वाजवल्या, आणि ती दार उघडून आत बसली.

नव्या बुटातला डावा पाय खाली टेकायला गेला आणि कशाला तरी अडला. तिने वाकून पाहिलं. खाली पायाशी तीन पट्ट्या होत्या, डावीकडची क्लचची.

तिला आधी वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाची गाडी आणून ठेवलीय. काच खाली करून तिने विक्रेत्याला सांगितलं, "अहो, ही आमची नाही. आमची साधी आहे."

"हीच, मॅडम. सर्वांत साधं मॉडेल."

ती नवऱ्याकडे बघायला लागली. तो छताकडे बघत म्हणाला, "तूच म्हणालीस साधी. साधी म्हणजे साधी. फालतू फीचर नाहीत. ती बिनक्लचची केवढी महाग आहे माहितीय? ही घेऊन केवढे वाचवले मी!"

क्षणभर तिला स्वतःचाच संशय आला. आपलंच चुकलं का? आपणच नीट बोललो नाही का? असं वाटायची तिला सवयच होती. पण विक्रेता बिचारा सरळ माणूस. तो गोंधळून म्हणाला, "सर, मी तुम्हाला विचारलं होतं ना, मॅडमनी ऑटोमॅटिक चालवून पाहिली होती, मग ही कशी? तुम्ही म्हणालात, मॅडम कुठे चालवणार आहेत, मी नाहीतर भाऊ चालवणार."

काळ्या चष्म्याने तेवढ्यात तोंड उघडलं. "वहिनी, अहो तुम्ही कशाला त्रास घेता? कुठे जायचं असेल तर मला फोन करायचा. मी आहे ना!"

मग मात्र तिच्या डोक्यात तिडीक उठली. गुडघ्यातली कळ जशी खालून वर चढायची तसा संताप चढला. इतकी वर्षं तो कुठे दडून बसला होता, कोण जाणे. ती गाडीतून उतरली, दार आपटलं, आणि ते इतक्या जोरात आपटलं की पलीकडच्या टेबलावर चहा पिणारं जोडपं उठून उभं राहिलं.

"तुला माहीत होतं," ती नवऱ्याला म्हणाली.

आजवर 'अहो'शिवाय तिने त्याला हाक मारली नव्हती. भांडणातही नाही. वजाबाकीने इकडे-तिकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कुणाशी बोलत होती.

"अगं, हळू. लोक बघतायत."

"बघू देत. तुला माहीत होतं मला क्लच दाबता येत नाही. माझा गुडघा कशाने गेला तेही माहीत आहे. मी ती गाडी चालवली तेव्हा तू मागे बसला होतास. आणि आता साध्या शब्दाच्या आड लपतोस? मला मूर्ख समजलास?"

"मी तुझेच पैसे वाचवले ना!"

"माझे पैसे आणि माझीच वजाबाकी! गाडी माझ्या पैशांची, नाव माझं, कर माझ्या नावावर कमी, आणि चालवणार कोण, तर हे भाऊजी! मी काय, आयुष्यभर पाईप धरून मागच्या सीटवर बसू? मला खिडकी मोजायला जायचं असलं की यांच्या झोपेची वेळ विचारू?"

भाऊजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. विक्रेत्याच्या हातात एक कागद होता, त्यावर गाडी मिळाल्याची सही करायची होती. त्याने तो हळूच पाठीमागे नेला.

"आणा इकडे तो कागद," ती विक्रेत्याला म्हणाली. "सही कोणाची लागते याच्यावर?"

"तुमचीच, मॅडम. गाडी तुमच्या नावावर आहे."

"मी नाही करत. गाडी रद्द."

वजाबाकीचा चेहरा पांढरा पडला. "अगं, बुकिंगचे बुडतील! ते माझे आहेत!"

"हो का?" ती म्हणाली. "मग आता कळेल."

विक्रेत्याने घसा साफ केला. नियमाप्रमाणे बुकिंगची रक्कम कापली जाईल, बाकीचे पैसे परत मिळतील, असं त्याने सांगितलं. मग जरा घुटमळून म्हणाला, "मॅडम, एक बोलू? तुम्ही चालवली होती ती पांढरी गाडी आम्ही विकायला काढलीय. नवं मॉडेल येतंय. थोडी वापरलेली आहे, दाराला एक ओरखडा आहे, पण आम्हीच सांभाळलेली. ही तीन पट्ट्यांची आहे ना, हिच्यापेक्षाही स्वस्त पडेल. सरांना मी बुकिंगच्या दिवशीच सांगितलं होतं."

ती सावकाश नवऱ्याकडे वळली.

"ती कशी घेणार?" तो पुटपुटला. "आमच्या दोघांनाही गिअरशिवाय जमत नाही. भाऊ चालवणार कशी?"

म्हणजे पैशांचाही प्रश्न नव्हता. जिच्यासाठी तो माणूस दाताच्या डॉक्टरशीसुद्धा हुज्जत घालतो, ती बचत समोर ताटात वाढून ठेवलेली असताना त्याने ताट सरकवलं होतं. का, तर बायको चालवेल आणि आपण बाजूला बसू, एवढंच. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. रागाने तिचे डोळे कोरडे ठणठणीत पडले होते.

ती विक्रेत्याच्या टेबलाशी जाऊन खुर्ची ओढून बसली. डावा पाय लांब केला. आणि म्हणाली, "ओरखडा आहे म्हणता. कमी किती?"

वजाबाकीने मान वर केली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

तिने दाराच्या ओरखड्याचा विषय काढला, टायरची झीज काढली, गाडी कितीजणांनी चालवून पाहिली असेल ते काढलं. शेवटी तर साटिनच्या कापडाचे लोंबणारे दोरेही काढले आणि स्वतःच्या हातचं नवं कापड शोरूमला विकलं, तेही पुऱ्या भावाने. विक्रेत्याने टाय आणखी सैल केला. नवऱ्याला आयुष्यात जमली नव्हती इतकी घासाघीस तिने तिथे केली, आणि त्यातून तिला काडीचाही आनंद झाला नाही.

कागदपत्रं व्हायला काही दिवस गेले. त्या दिवसांत घरात भांडी तेवढी वाजत होती. गाडी आणायला ती एकटीच निघाली, पण बसमध्ये तिच्या मागून वजाबाकीही चढला. दोघं शोरूमपाशी उतरले. विक्रेता दारावरची लाल अक्षरं काढून द्यायला ब्लेड घेऊन आला, तर ती म्हणाली, "राहू द्या."

ती आत बसली, पट्टा लावला, आरसा आपल्या उंचीला लावला. नवरा पलीकडच्या दाराशी आला. त्याचा हात दाराच्या कडीवर होता, बरोबर 'पाहा'च्या वर. कडी उघडेना. त्याने काचेवर टकटक केलं. तिने काच थोडी खाली केली.

"अगं, उघड की. घरीच जायचंय ना?"

"मी खिडक्या मोजायला चाललेय," ती म्हणाली. "तू चालत ये. पाय फुकट आहेत."

तिने उजवा पाय टेकवला. गाडी निघाली. पुलावर चढताना तिचे दात अजून आवळलेले होते. खाली, फुकटात न मिळालेल्या मॅटवर, तिचा डावा पाय लांब पसरून पडला होता. तो दुखतच होता.