बाल्कनीखालची चाळीस पावलं

व्हॅलेटासारख्या जुन्या शहरात जमीन खणायची म्हणजे आपल्याच कामाला आपणच खीळ घालायची. संत बर्नाबाच्या उत्सवाला नऊ दिवस उरले असताना नळासाठी मोठा रस्ता खणला, आणि दोन हात खोलीवर जुन्या नाइट सरदारांच्या काळातली दगडी टाकी निघाली. झालं! पुराणवस्तूवाले दोरी बांधून बसले आणि संताची मिरवणूक आता न्यायची कुठून, हा प्रश्न उत्सव भरवणाऱ्या बँड क्लबात येऊन पडला.

"मागच्या गल्लीतून," अध्यक्ष विस्तीन म्हणाला.

विस्तीन सहा फूट दोन इंच. संताची मूर्ती वाहणारे आठही जण त्याच्याच मापाचे, कारण खांद्याला खांदा सारखा लागला नाही तर मूर्ती कलते. या रीतीपायी सुतार नार्दू बावन्न वर्षांचा झाला तरी मेणबत्ती धरून मागूनच चालत होता. नार्दू जेमतेम पाच फूट. त्याच्या बापानं चोवीस वर्षं संत वाहिला होता. मूर्तीचा दांडा घासून खांद्यावर गाठ येते, तिला इथं 'पाव' म्हणतात, आणि पाव असलेल्या माणसाला न्हावीसुद्धा रांग मोडून आत घेतो. नार्दूला बापाचा रंधा मिळाला, गिऱ्हाइकं मिळाली, उंची तेवढी आईकडून आली.

संध्याकाळी सगळे माप घ्यायला गल्लीत गेले. गल्ली चाळीस पावलांची, आणि मधोमध पहिल्या मजल्यावर चेत्ता आत्याची हिरवी लाकडी बाल्कनी, चारी बाजूंनी बंद, रस्त्यावर ओठंगलेली. चेत्ता ही नार्दूची सख्खी आत्या. वय चौऱ्याऐंशी. गुडघे गेल्यापासून सहा वर्षं ती खाली उतरलेली नव्हती. पाव, भाजी आणि गावभरच्या बातम्या ती दोरीला टोपली बांधून वर ओढून घेई. सहा वर्षांत संत काही टोपलीत मावला नव्हता.

"चार बोटं," विस्तीन काठी खाली घेत म्हणाला. "चार बोटांनी अडतोय. प्रभावळ बाल्कनीला लागणार."

"मग प्रभावळ काढा," कोणीतरी सुचवलं.

"संताला बोडका फिरवायचा? पलीकडच्या गल्लीवाले वर्षभर हसतील!"

"मग खांद्यावर न घेता हातात धरून न्या."

"तो संत आहे, सोफा नाही!"

मग सगळ्यांच्या माना नार्दूकडे वळल्या, कारण शहरातल्या निम्म्या बाल्कन्या त्याच्या हातांखालून गेल्या होत्या. "नार्दू, ही दोन दिवस उतरवता येईल का रे?" विस्तीननं विचारलं.

येत होती. ही बाल्कनी नार्दूच्या बापानंच नव्यानं बसवली होती, बारा बोल्टांवर. दुपारच्या जेवणाआधी उतरली असती. नार्दूनं तोंड उघडलं, आणि आतून भलतंच बाहेर आलं.

"छे! भिंतीत रुतलीय ती. हात लावलात तर अख्खी भिंत खाली येईल. आत्यासकट."

"मग?"

"बाल्कनी खाली येत नसेल, तर संत खाली घ्या. खांदे खाली घ्या." नार्दूनं स्वतःच्या खांद्यावर थाप मारली. "बुटकी माणसं लावा."

गल्लीत असा हशा पिकला की आत्यानं खिडकी उघडली.

"बुटके संत वाहणार!" विस्तीननं डोळे पुसले. "अरे, तुमच्या खांद्यावरून मांजराच्या मिशा लागतील त्याच्या पायाला!"

"हसतोस काय, ताडमाडा?" वरून आत्या कडाडली. "चाळीस पावलांचा तर प्रश्न. का माझ्या दाराशी आलेला संत परत फिरवतोस?"

तेव्हा पाद्री दुन मिकेल पुढे आले. त्यांनी काठी हातात घेतली, बाल्कनीखाली उभे राहून वर बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "या गल्लीपुरते बुटके." फादर स्वतः चार फूट अकरा इंच होते, हे इथं सांगून ठेवतो.

नार्दूनं आठवडाभर बुटके गोळा केले. न्हावी मिळाला, पास्तित्सीचे गरम पफ विकणारा मिळाला, बँडमध्ये ढोल वाजवणारा, ज्याचं ढोलामागून फक्त कपाळ दिसायचं, तोही मिळाला. विरोधी क्लबातले तिघे "तुमचा संत आपटला तर आम्हाला विचारू नका" या बोलीवर आले. नार्दू धरून सात झाले. आठवा काही मिळेना. रात्री शिडी खांद्यावर घेऊन सगळे अंगणात तालीम करत, आणि शेजारपाजारचे वरून शेंगदाणे फेकत.

उत्सवाच्या दिवशी फटाक्यांनी कबुतरं उडाली, छपरांवरून कागदाचे तुकडे बर्फासारखे उतरले, बँडनं हवा दणाणून सोडली. गल्लीच्या तोंडाशी मूर्ती दुबेळक्या काठ्यांवर टेकवली. उंच आठ बाजूला झाले. बुटके सात पुढे आले.

"आठवा कुठाय?" विस्तीन ओरडला.

दुन मिकेलांनी अंगावरची जरीची झूल उतरवून धाकट्या पाद्र्याच्या हातात दिली आणि नार्दूच्या मागे त्याच दांड्याखाली खांदा घातला. "चला. घामानं पाप धुतलं जातं म्हणतात."

संत उठला. नार्दूच्या पाठीतून कळ गेली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. एवढा जड असतो? बाप चोवीस वर्षं हे वाहत होता आणि घरी येऊन एकदाही बोलला नव्हता. पंधरा पावलं झाली. अठरा झाली. नार्दूच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते घामाचं नव्हतं. त्याला बाप हवा होता, बघायला, नुसता पाच मिनिटं.

मूर्ती बाल्कनीखाली शिरली. प्रभावळ आणि लाकूड यांत जेमतेम वीतभर जागा उरली. तेवढ्यात बाल्कनीच्या तळातली छोटी झडप उघडली. जुन्या बायका तिच्यातून दारात कोण आलंय ते बघत. आता तिच्यातून आत्याचा अर्धा चेहरा खाली आला, थेट संताच्या नाकासमोर. सहा वर्षांनंतरची भेट होती ती. तिनं दोन बोटं खाली काढून संताच्या गालाला लावली. मग डोळा नार्दूकडे वळला.

"बारा बोल्ट आहेत रे," ती हळूच म्हणाली. "लावताना कंदील मीच धरला होता."

नार्दूचा पायच उचलेना. संत थांबला. मागचा बँडही अडखळला.

"थांबलास काय, गधड्या? चाल! बापाचं नाव घालवशील."

नार्दू चालला. चाळीस पावलं झाली, काठ्या लागल्या, उंच आठ पुन्हा पुढे आले. विस्तीननं त्याच्याकडे वाकून बघितलं आणि स्वतःचा रुमाल पुढे केला. तेवढ्यात वरून आरोळी आली.

"विस्तीन! पुढच्या वर्षीही इथूनच आणायचा हं! मोठा रस्ता बुजला तरी! मी म्हातारी, खाली येऊ शकत नाही, आणि बाल्कनी तर हलत नाही. नार्दूच म्हणालाय, भिंत पडेल!"

शनिवारी नार्दू पापाची कबुली द्यायला गेला. जाळीपलीकडे दुन मिकेल कण्हत बसले होते.

"फादर, मी खोटं बोललो. ती बाल्कनी निघते."

"बारा बोल्टांवर," फादर म्हणाले.

नार्दू जाळीला चिकटला. "आत्या बोलली ते तुम्ही ऐकलंत?"

"ऐकायचं कशाला? माप घेतलं त्याच दिवशी खालून मोजले. रंगाचे पोपडे उडालेत, डोकी उघडी पडलीत."

"मग प्रायश्चित्त काय घेऊ?"

मग फादरनी झगा खांद्यावरून जरासा सरकवला आणि तो खांदा जाळीला टेकवला. त्यावर लालभडक टेंगूळ आलं होतं.

"पुढच्या उत्सवाआधी त्या बोल्टांच्या डोक्यांवर लांबीचा लगदा थाप," ते म्हणाले, "आणि वरून हिरव्या रंगाचे दोन हात मार. आता मला सांग, याला पाव म्हणायचं का?"