गुंत्रामच्या मातीवरचं प्रवचन

फ्रान्समधल्या तूर शहरात बिशपांची सभा भरली आणि हुकूम निघाला, की यापुढे प्रवचन लोकांना कळेल अशा गावठी बोलीत करायचं. प्रार्थना लॅटिनमध्येच राहणार होती. लुआर नदीकाठच्या एका खेड्यातल्या आन्सबर्त पाद्रीला हे जड गेलं. लॅटिन शिकण्यात त्याची उमेदीची वर्षं मठात गेली होती. घरची बोली त्याने आई वारल्यापासून मनापासून बोललीच नव्हती.

पहिल्या रविवारी तो अडखळतच बोलला. ‘पश्चात्ताप’ला शब्द सापडेना, तेव्हा ‘चुकलं म्हणून जिवाला लागणं’ म्हणत त्याने वेळ मारून नेली. मागे कुणीतरी खुदकन हसलं. पण झोपलं मात्र कुणी नाही.

सगळे पांगल्यावर फ्रोत्लिंदा मागे राहिली. तिचा नवरा गुंत्राम नावाडी होता आणि मागल्या हिवाळ्यात पुरात बुडाला होता. त्याच्या मातीच्या वेळचं लॅटिन प्रवचन ऐकून ती ढसाढसा रडली होती, आणि पाद्रीबाबा किती सुंदर बोलले, असं गावभर सांगत फिरली होती.

“बाबा, त्या दिवशी काय बोललात, ते आता आपल्या बोलीत सांगा.”

आन्सबर्तला ते प्रवचन पाठ होतं. काहीतरी गोड सांगून सुटता आलं असतं, पण तिच्याकडे बघून त्याला ते जमेना.

“देव पाप्यांना असा अवचित नेतो, म्हणालो. पोथीत होतं ते वाचलं. गुंत्रामला मी धड ओळखतही नव्हतो.”



“आणि त्यावर मी रडले,” ती म्हणाली. “चला. पुन्हा बोला. या खेपेला माझ्या माणसाबद्दल.”

थडग्याकडे जाताना तो विचारत गेला आणि ती सांगत गेली. मग मातीपाशी उभं राहून, शब्द चाचपत तो म्हणाला, “देवा, हा दारू प्यायचा, शिव्या द्यायचा. पूर असताना सुईणीला पलीकडे पोचवलं, परतताना बुडाला. याला जवळ घे.”

“दारूचं नसतं काढलं तरी चाललं असतं,” फ्रोत्लिंदा डोळे पुसत म्हणाली.

“तूच सांगितलंस.”

“तुम्हाला सांगितलं होतं, देवाला नाही.”

पुढल्या रविवारी चर्चच्या दारात माणसं थांबलेली होती. आपापल्या मेलेल्यांवर बाबा काय बोलले होते, ते प्रत्येकाला ऐकायचं होतं.