पोळ्याच्या दिवशी मोजलेलं पाणी

मी एक जुनी पत्र्याची बादली आहे, मित्रांनो. पंधरा लिटरची, बुडाला दोन ठिकाणी डाग दिलेली. शहराच्या छावणी भागातल्या एका कारागिराने मला ठोकून घडवले आणि देवगाव रंगारीच्या बाजारातून मालनबाईंनी मला डोंगराकडच्या शेतवस्तीवर आणले. तेव्हा मी इतकी चकचकीत होते की त्यांचे मालक कडुबा माझ्यात बघून भांग पाडत!

तीस वर्षे मी ओढ्याचे पाणी वाहिले. पावसाळ्यात एका डुबकीत भरायचे. चैत्रात मात्र मालनबाई वाळूत झिरा, म्हणजे पाणी पाझरायचा खड्डा, उकरून करवंटीने मला भरत, त्यात अर्धी सकाळ जाई. कडुबा आणि मुलगा इंद्रजीत शेजारी बसून वाट बघत. एवढे लक्षात ठेवा.

गेल्या वर्षी मालनबाईंच्या छातीने दगा दिला. श्वासाला हवा पुरवणारे यंत्र रोज सोळा तास चालवायचे, असे डॉक्टरांनी बजावले. वस्तीवर तर विजेचा खांबही नाही. म्हणून इंद्रजीतने त्यांना छावणीतल्या आपल्या खोलीवर नेले. तिथे त्या यंत्रापुढे बसून ओढ्याचीच आठवण काढत. शेवटी इंद्रजीतने राजकुमार नावाच्या ओळखीच्या कारागिराला गाठले. ओढ्याचे पाणी पाइपातून खाली उतरवायचे, त्यावर छोटे चाक फिरवायचे आणि घरापुरती वीज करायची, असे ठरले.

सगळे एकत्र जमतात ते पोळ्यालाच. म्हणून मोजणीही पोळ्यालाच झाली. राजकुमारने ओढ्यात पाइप टाकला, मला त्याच्या तोंडाशी धरले आणि मोबाइलवर सेकंद मोजले. तीन सेकंदांत मी काठोकाठ! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे इतके कौतुक कधीच झाले नव्हते, मी अगदी फुगून गेले.

"चैतात किती ऱ्हातं पाणी?" राजकुमारने विचारले. "तवा एकदा परत मापावं लागंल."

कडुबा बैलाची झूल नीट करू लागले. इंद्रजीतने मान फिरवली. मालनबाईंनी माझ्या कडीवर हात ठेवला.

"बारमाही वढा हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "मापायची काय गरज नाय."

मित्रांनो, मला तोंड असते तरी मी काय बोलले असते? मलाही त्या घरीच हव्या होत्या.

दिवाळीला चाक फिरले. दिवा लागला, यंत्र सुरू झाले, मालनबाई घरी आल्या. संक्रांतीपर्यंत घरात सण होता. मग धार बारीक झाली. कडुबा रोज मला धारेखाली धरून अंक मोजत. आधी दहा झाले, मग चाळीस. होळीनंतर ते मोजत राहिले आणि मी भरलेच नाही. त्या दुपारी यंत्र बंद पडले आणि मालनबाई ओसरीवर धापा टाकत बसल्या.

इंद्रजीत गाडी घेऊन आला. निघताना कडुबांनी विचारले, "पोळ्याला येशील ना गं?"

"येईन की," त्या म्हणाल्या. त्यांना पायरीदेखील उतरवत नव्हती.

आता मी बंद चाकावर पालथी असते. सकाळी कडुबा मला सुलटी करून झिऱ्यावर नेतात आणि करवंटीने एकट्यासाठी पाणी भरतात. अर्ध्या बादलीत त्यांचे भागते.

मित्रांनो, तुम्हाला कधी पाणी मोजायचे झाले, तर चैत्रात मोजा. आणि तेव्हा शेजारी बसलेल्या माणसांपैकी एकाने तरी खरे बोलावे. ते तिघे आणि मी, आम्ही चौघे होतो, चौघांनाही माहीत होते.